वुजू, वसवसा आणि घसा

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझ्या मुलाची तिसरीतली शुद्धलेखनाची वही सापडली. तिच्यात जानेवारीतल्या एका बुधवारचं पान आहे. अक्षर गोल, ओळीवर बसलेलं, वेलांट्या जागच्या जागी. पुढचं पान शुक्रवारचं. त्यावरची अक्षरं ओळ सोडून वर-खाली धावतायत, काही शब्द तीन-तीनदा खोडून लिहिलेत, एके ठिकाणी खोडरबरानं कागद फाटलाय. खाली बाईंचा लाल शेरा : ‘अक्षर घाणेरडे. पालकांनी लक्ष द्यावे.’

मला इतिहास वाचायचा नाद आहे. एखादी गोष्ट नेमकी कधी सुरू झाली याचा अस्सल पुरावा मिळणं किती अवघड असतं, हे त्या वाचनातून कळलेलं आहे. आमच्या घरावर आलेल्या सगळ्यात मोठ्या संकटाचा असा पुरावा मात्र आमच्याकडे आहे, लाल शेऱ्यासकट. दोन पानांच्या मधे एकच दिवस आहे, गुरुवार.

त्या गुरुवारी मी पहिली पाळी करून घरी आलो होतो. महापे एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे. गावातल्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांत आम्ही राहतो : मी, बायको, अम्मी, मोठी मुलगी आणि हा धाकटा. मुलांना सातव्या वर्षापासून नमाजची सवय लावायची, या रिवाजानं तो माझ्याबरोबर मगरीबला मशिदीत यायचा. अजान झाली, तो वुजू करायला मोरीत गेला आणि बाहेरच येईना.

‘अब्बा, कोपरापर्यंत पाणी लागलं ना?’

‘लागलं. चल.’

‘नक्की ना? परत करू?’

मी आत डोकावलो. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी एकदाच येतं, म्हणून पिंप भरून ठेवतो. ते अर्ध्यावर आलं होतं. पोराचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. तो रडत होता आणि धूत होता. थांब म्हटलं तर थांबता येत नव्हतं. त्या रात्री त्यानं आईचा हात सोडला नाही. सकाळी अंथरूण ओलं होतं. शनिवारपर्यंत डोळे सारखे मिचकायला लागले आणि ताटाला कुणाचा हात लागला असेल या भीतीनं त्यानं जेवण टाकलं. बुधवारपर्यंत हाच पोरगा गल्लीत क्रिकेट खेळून मातीनं माखून यायचा, आणि हात धू म्हणून त्याच्यामागे आम्ही ओरडायचो.

मग नावं ठेवायला सुरुवात झाली. म्हणजे आजाराला नाव देणं आणि माणसाला नावं ठेवणं, दोन्ही एकदमच. अम्मी म्हणाली, वसवसा आहे, सैतान मनात शंका घालतोय. मुंब्र्याची खाला पारसिकच्या डोंगरापलीकडून धावत आली आणि म्हणाली, असर झालाय, हाजी मलंगला घेऊन जा. शाळेतून निरोप आला की घरी लाड जास्त होतायत. एक नातेवाईक माझ्या बायकोसमोरच म्हणाले, आई मोबाईलमध्ये असली की असंच होतं. ती काही बोलली नाही. नंतर मोरीत जाऊन पिंप घासत बसली, घासलेलंच पिंप.

आणि मी? चौथ्या दिवशी त्यानं अख्खं पिंप रिकामं केलं तेव्हा मी त्याला थोबाडीत मारली. तो क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अब्बा, मला पण नाही करायचं.’ ते वाक्य अजून झोपेतून उठवतं.

एका डॉक्टरांनी ‘वयाचा परिणाम आहे, रागवा थोडं’ असं सांगून परत पाठवलं. शेवटी वाशीला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच : ‘कधीपासून?’

बायको म्हणाली, ‘हळूहळू नाही, डॉक्टर. गुरुवारी संध्याकाळी.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याआधीच्या महिन्यात घसा दुखला होता का, ताप आला होता का, घरात आणखी कुणाला होता का, शाळेची वही आहे का, असं एकेक विचारत गेल्या. नाताळच्या सुट्टीत त्याचा घसा धरला होता, ताप होता. दहा दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी बाटली फ्रीजच्या दारात गेली आणि आम्ही ती विसरलो. रोज हजारो गोळ्यांच्या खोक्यांवर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’ असं छापलेलं बघणाऱ्या माणसानं ही कबुली दिली तेव्हा मान वर होत नव्हती. मोठीचा घसा तर त्याच आठवड्यात दुखत होता.

डॉक्टरांनी मुलाला दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले. बोटं बारीक बारीक हलत होती, पेटी वाजवावी तशी. घशातला स्राव तपासायला घेतला, रक्ताची एएसओ चाचणी लिहून दिली, हृदयाची इको करायला सांगितली. मी घाबरलो. घशाचा, हाताचा, हृदयाचा आणि वुजूचा काय संबंध? त्या म्हणाल्या, ‘संबंध जुना आहे. सिडनहॅमचा कोरिया म्हणून वाचून बघा. तुमच्या मुलाला तोच आहे असं मी म्हणत नाही. पण त्याच्या शेजारचं काहीतरी असू शकतं.’

ते वाचन मी त्या रात्री सुरू केलं. जे सापडलं ते इथे मांडतो, कारण आपल्यातल्या कुठल्या तरी घरात आज कुणीतरी असंच पिंपाजवळ उभं असेल.

युरोपात १३७४ साली ऱ्हाईन नदीकाठच्या गावांमध्ये आणि १५१८ साली स्ट्रासबुर्ग शहरात माणसं थांबता न येता नाचत सुटल्याच्या नोंदी आहेत. स्ट्रासबुर्गच्या कारभाऱ्यांनी आधी त्यांना आणखी नाचू दिलं. ते जमलं नाही तेव्हा गाड्यांत घालून सेंट व्हायटस या संताच्या ठाण्यावर पाठवलं. संताचा कोप झाला की माणूस नाचतो आणि त्याचीच कृपा झाली की थांबतो, असा समज होता. तो सामूहिक प्रकार वेगळा होता, पण नाव मागे राहिलं. पुढे हातपाय आपोआप हलणाऱ्या मुलांच्या आजारालाही ‘सेंट व्हायटसचा नाच’ म्हणू लागले. हे वाचताना मला खालाचा चेहरा आठवला. आपलं माणूस हाताबाहेर गेलं की गाडी जोडून संताच्या दारात न्यायचं, ही ओढ कुठल्या एका धर्माची नाही.

१६८६ मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी या मुलांचं वर्णन लिहिलं. दहा वर्षांपासून वयात येईपर्यंतची मुलं-मुली, एक पाय ओढत चालणारी, हात क्षणभर एका जागी न राहणारा, पाण्याचा पेला तोंडाला लावायचा तर डोंबाऱ्यासारखे दहा हावभाव करून मग कसाबसा लावणारी. त्यांचा उपाय रक्त काढण्याचा आणि जुलाब देण्याचा होता. तो आज कुणी करणार नाही. पण त्यांनी मुलाकडे नीट बघितलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. म्हणून आजाराला त्यांचं नाव मिळालं.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की अशा पुष्कळ मुलांना आधी किंवा नंतर संधिवाताचा ताप येतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो, हृदयाला मात्र चावतो. झडपा आखडतात आणि मूल तरुणपणीच दम लागून आडवं होतं. १८९४ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी कोरियावर पुस्तक लिहिलं. नुसते हातपायच बिघडतात असं नाही, मुलांचं वागणंही बदलतं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचा हट्ट दिसतो, हे त्यांनीही टिपलं होतं. मात्र ते निरीक्षण जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिलं. हातपायांकडे मेंदूविकारवाले बघत, हृदयाकडे हृदयवाले, आणि वागण्यासाठी पालक जबाबदार.

या सगळ्याच्या मुळाशी घसा होता. स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली माळेतल्या मण्यांसारखा दिसतो. १८७४ मध्ये बिलरोथ यांनी तो जखमांमध्ये पाहिला आणि माळेवरूनच त्याला नाव दिलं. १९३३ मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी या जंतूंचे गट पाडले. घसा धरणारा आणि संधिवाताचा ताप आणणारा तो ‘अ’ गटातला. गंमत अशी की ताप येतो तेव्हा घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. चोर निघून गेल्यावर घरात आग लागावी, तसं. म्हणून संबंध जुळायला इतकी वर्षं लागली.

आज याचं स्पष्टीकरण असं देतात. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्याच शरीरातल्या पेशींसारखी दिसतात. शरीराचं संरक्षक दल जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती चेहरा सारखा दिसला म्हणून भलत्यालाच धरतात. आपल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नुसत्या चेहऱ्यावरून, दाढीवरून भलत्याच माणसाला उचलून नेणं म्हणजे काय, हे आपण जाणतो. इथे उचलला जातो तो कधी सांधा, कधी हृदयाची झडप, तर कधी मेंदूच्या तळाशी असलेला, हालचाली आणि सवयी सांभाळणारा भाग. १९७६ मध्ये कोरिया झालेल्या मुलांच्या रक्तात, मेंदूच्या नेमक्या या भागातल्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं सापडली.

यात आपला देश कुठे होता? ब्रिटिश काळातले बरेच डॉक्टर मानत की संधिवाताचा ताप हा थंड हवेतला आजार आहे, उष्ण देशात तो नसतोच. नसतोच म्हटल्यावर कुणी शोधणार कशाला? प्रत्यक्षात तो दाटीवाटीच्या खोल्यांमधून राहत होता. १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आखडलेल्या झडपांवर शस्त्रक्रिया करू लागले. १९६३ मध्ये दिल्लीचे डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की भारतात ही झडप लहान वयातच, वीस वर्षांच्या आतच आखडते. पश्चिमेत ज्या आजाराला दोन-तीन दशकं लागत, तो इथे शाळकरी पोरांना गाठत होता.

उपाय मात्र तोवर मिळालेला होता, आणि तो आपल्या महाराष्ट्रात तयार होत होता. अमेरिकेत वायोमिंगच्या लष्करी तळावर तरुण सैनिकांवर झालेल्या अभ्यासानं १९५० मध्ये सिद्ध केलं की घशातल्या स्ट्रेप्टोकोकसवर वेळेत पेनिसिलिन दिलं तर संधिवाताचा ताप टळतो. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पिंपरीत एचए कॉलनी म्हटलं की आजही रिक्षावाला बरोबर नेतो. परदेशातून महागात येणारं औषध आपल्याच मातीत बनू लागलं, त्यामागे स्वतंत्र देशाची जिद्द होती. पुढे औषधांचे कारखाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातही आले, आणि त्यातल्याच एकात माझी रोजीरोटी आहे. इतकं सगळं होऊनही ती बाटली माझ्या फ्रीजच्या दारात अर्धी राहिली. इतिहास घडवायला शंभर वर्षं लागतात, वाया घालवायला चौथा दिवस पुरतो.

वागण्याचा धागा परत कुणी उचलला? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट या डॉक्टर मुलांमधल्या मंत्रचळावर काम करत होत्या. मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. तेच तेच मनात येणं आणि तेच तेच करावं लागणं. हात धुणं थांबवू न शकणाऱ्या मुलाच्या नावानं त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. तोवर मानसशास्त्रातला एक मोठा प्रवाह सांगत आला होता की आईनं शी-शूची शिस्त लावताना कडकपणा केला की मूल असं होतं. म्हणजे तिकडेही बोट आईकडेच. रॅपोपोर्ट यांच्याबरोबर काम करणाऱ्या सुझन स्वीडो यांनी सिडनहॅमचा कोरिया झालेल्या मुलांना वेगळेच प्रश्न विचारले : हात वारंवार धुतोस का, मनात नको ते विचार येतात का? उत्तर अनेकांचं ‘हो’ होतं, आणि काहींना ते हातपाय हलायला लागण्याच्याही आधीपासून होतं.

मग त्यांनी उलट बाजूनं शोध घेतला. कोरिया नाही, पण स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर अचानक मंत्रचळ किंवा झटके, म्हणजे डोळे मिचकावणं, मान उडवणं, सुरू झालेली मुलं. १९९८ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि या प्रकाराला पँडास हे नाव दिलं. तीन वर्षांपासून वयात येईपर्यंतचं वय, एकाएकी सुरुवात, संसर्गाशी जुळणारा काळ, बरं वाटून पुन्हा उलटणं. सोबत आईला चिकटणं, अंथरूण ओलं करणं आणि अक्षर बिघडणं. बाईंच्या लाल शेऱ्याला वैद्यकात जागा होती. २०१२ मध्ये त्याहून व्यापक असं पँस हे नाव आलं. त्यात संसर्ग सिद्ध झालाच पाहिजे अशी अट नाही, अचानकपणा मात्र हवाच.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. शाळकरी मुलांचा घसा दर हिवाळ्यात दुखतो आणि झटके, मंत्रचळही मुलांमध्ये दिसतात. मग दोन्ही एकाच महिन्यात आले तर तो योगायोग कशावरून नाही, असा आक्षेप आहे आणि तो फालतू नाही. एएसओ वाढलेलं असणं म्हणजे एवढंच की कधीतरी संसर्ग होऊन गेला. २०१७ मध्ये डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. घशात स्ट्रेप्टोकोकस सापडलेल्या मुलांमध्ये पुढे मंत्रचळ होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे दीडपट होतं. मात्र घशाच्या इतर संसर्गांनंतरही ते थोडं वाढलेलं दिसलं. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांना तर काहीच होत नाही. काही महागड्या उपचारांच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. तेव्हा इंटरनेटवर वाचून पोराला मनानं अँटिबायोटिक देणं ही दुसऱ्या टोकाची चूक आहे.

आता आपल्या घरातल्या शब्दाकडे येतो. अम्मीनं वसवसा म्हटलं तेव्हा मी चिडलो होतो. वाचल्यावर वाटलं, अम्मीचा शब्द चूक नव्हता, आपणच त्याचा अर्धा अर्थ लक्षात ठेवला. वुजूमध्ये तासतास घालवणारी, नीयत पुन्हा पुन्हा बांधणारी माणसं मुस्लिम समाजाला हजार वर्षांपासून माहीत आहेत. बगदादचे इब्न अल-जौझी (मृत्यू १२०१) यांनी अशा लोकांवर लिहिलं. दमास्कसचे इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी तर वसवशावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पाणी वाया घालवणं ही दीनदारी नाही, असं त्यांचं म्हणणं. फिकहचा एक मोठा नियमच आहे की एकदा झालेली खात्री नंतरच्या शंकेनं मोडत नाही. आमच्या मोहल्ल्यातले मौलाना साहेबही मुलाला जवळ बसवून हेच म्हणाले, ‘बेटा, एकदा केलंस ना, झालं. शंका आली तर येऊ दे, तू पुढे चल. आणि तुझ्यावर तर अजून नमाज फर्जही नाही.’ नंतर समुपदेशक बाईंनी जी पद्धत शिकवली, ती ऐकून मी चकित झालो. एकदाच धुवायचं, नळ बंद करायचा, भीती वाटेल ती वाटू द्यायची आणि ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं.

मात्र त्या विद्वानांसमोर बहुधा मोठी माणसं होती, ज्यांना समजावता किंवा दटावता येतं. याच्याही आधी एक माणूस वेगळ्या वाटेनं गेला होता. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागात नवव्या शतकाच्या मध्याला जन्मलेले अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४). त्यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. मनाचे आजार त्यांनी राग, दुःख, भीती आणि वसवसा असे चार प्रकारचे मांडले. त्यांच्या मते मन आजारी पडणं हे शरीर आजारी पडण्याइतकंच स्वाभाविक आहे. दुःखाचे तर त्यांनी दोन प्रकार केले : एक कारण माहीत असलेलं, दुसरं काही कारण नसताना येणारं, जे शरीरातल्या बिघाडातून येतं आणि ज्याला शरीराचाच उपचार लागतो. वसवसा असलेल्या माणसाला एकटं सोडू नका, असं ते सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला घशातला जंतू ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण मनाच्या त्रासामागे शरीर असू शकतं, एवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. ज्या समाजानं दमास्कसला ११५४ मध्ये आणि कैरोला १२८४ मध्ये मोठमोठी बीमारिस्तानं उभारली, जिथे मनाच्या रोग्यांवरही उपचार होत, त्या समाजाला डॉक्टरकडे जाण्याची लाज कधीपासून वाटू लागली?

त्या लाजेची किंमत आपण मोजली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेली २८ माणसं पळता न आल्यानं मेली. त्यांना तिथे सोडून गेलेले दुष्ट नव्हते. ते माझ्या खालासारखेच, घाबरलेले आणि थकलेले आपले लोक होते. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, तो कुठल्याही धर्माच्या माणसानं केला तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही साखळदंडाला बंदी घातली. आणि गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात, जिथे मुंबईहूनही पुष्कळ लोक जातात, ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरांकडे पाठवतात. मला हा मार्ग आपला वाटतो. अम्मीनं मुलाच्या गळ्यात बांधलेला तावीज आम्ही काढला नाही. फक्त त्याच गळ्याच्या आत डॉक्टरांनाही बघू दिलं.

आमचं पुढे काय झालं? घशातल्या स्रावात स्ट्रेप्टोकोकस सापडला, मोठीच्याही. इको चांगली निघाली, तेव्हा बायको दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली. या वेळी अँटिबायोटिक दहाच्या दहा दिवस दिलं, तारखा कॅलेंडरवर खोडत. समुपदेशन आठ महिने चाललं. डॉक्टरांनी फाइलवर पँडास असं ठाम कधी लिहिलं नाही, ‘शक्यता’ असंच लिहिलं, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अर्धवट सोडलेल्या औषधामुळेच झालं का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकणार नाही, ते ओझं घेऊन फिरू नका, यापुढे पुरं द्या म्हणजे झालं. मार्चअखेर पोरगा परत गल्लीत खेळायला लागला. पुढच्या हिवाळ्यात घसा धरला तेव्हा डोळे चार दिवस पुन्हा मिचकले. या वेळी आम्ही ओरडलो नाही, दवाखान्यात गेलो.

ज्यांच्या घरात असं काही एकाएकी सुरू झालं असेल, त्यांना तीनच गोष्टी सांगतो. पहिली, तारीख लिहून ठेवा. ‘हल्ली फार हट्टी झालाय’ आणि ‘अमुक वारी संध्याकाळी बदलला’ यात आजार ओळखायच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी, महिना-दीड महिन्यात घसा, ताप, अंगावर पुरळ काही होतं का ते आठवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. एका डॉक्टरांनी उडवून लावलं तर दुसऱ्यांकडे जा. तिसरी, मुलाला मारू नका आणि त्याच्या आईला विचारू नका की तू काय केलंस.

वही मी परत कपाटात ठेवली. ठेवण्याआधी मुलाला दाखवली. आता तो सहावीत आहे. शुक्रवारचं पान बघून हसला आणि म्हणाला, ‘अब्बा, बाईंना सांगायचं ना, घसा दुखत होता म्हणून.’ मी त्याला सांगितलं, आम्हालाच माहीत नव्हतं, बेटा. मग थोबाडीत मारल्याबद्दल त्याची माफी मागितली, तीन वर्षांनी. तो म्हणाला, मला आठवत नाही. खरं बोलला की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. मगरीबची अजान झाली होती. तो मोरीत गेला, वुजू करून बाहेर आला. नळ एकदाच वाजला.